एक जून

कोपरखैरण्याच्या पालिकेच्या शाळेबाहेर
पहाटे पाचला चपलांची रांग लागते.
माणसं कठड्यावर टेकतात, चपला उभ्या राहतात
खडूच्या गोलात.
सतरावा गोल बोनकोड्याच्या मढवी काकूंचा.
तिथं विटेचा तुकडा,
चपला नव्या आहेत म्हणे, कोण उचलेल काय सांगावं.
अठरावी जोडी माझी. एकोणिसावी सुगंधाची.

आठला गेट उघडलं. टोकनं शंभर.
माहिती भरणारा पोरगा आधार मागतो,
तारीख मोठ्यानं वाचतो,
बोटं चालतात, मान खालीच.
एक जून.
एक जून.
चौदा मार्च (ही कुणी दवाखान्यात जन्मलेली).
एक जून.
मग एकदम थांबून म्हणाला,
तुम्ही सगळे एकाच दिवशी कसे काय जन्मलात?

रांग हसली. मास्क हलले नुसते.
मार्केटातले दोन माथाडी, सोसायटीचा वॉचमन,
काकू, मी,
आम्हाला आयांनी कधीतरी जन्म दिला होता,
पण तारीख मास्तरांनी दिली.
मागच्या महिन्यात गेलेल्या महिपत शिंगाड्यांचीही
हीच तारीख होती. दाखल्यावर वाचली मी,
त्यांच्या बायकोला वाचता येत नाही म्हणून.

आमचे गोंजारी मास्तर. जतकडचं गाव.
आईनं दोघींना एकाच दिवशी नेऊन उभं केलं.
डोक्यावरून हात घेऊन कान धर, मास्तर म्हणाले.
सुगंधानं धरला.
माझा पोचेना.
शेळीमागं धावताना कोपर मोडलेलं,
वैदूनं बांधलेलं, वाकडंच बसलेलं.
हे सांगायचं सुचलं नाही. आईला पण नाही.
मास्तरांनी टाकात शाई घेतली,
तिला पंचाहत्तर लिहिलं, मला सत्त्याहत्तर.

आई सांगायची, तू खडीवरची.
दुष्काळाचं साल, सरकारी काम,
कळा आल्या तेव्हा घमेलं डोक्यावर होतं.
त्या आठवड्याला लाल मिलो वाटली होती
आणि सुकडी संपली होती.
एवढं पक्कं आहे.
तारीख नाही.

मावशी, तुमचं वय बसत नाही, पोरगा म्हणाला.
पंचेचाळीस पाहिजे. तुमचं चव्वेचाळिसावं चालू आहे.
अरे, हिला कडेवर घेऊन फिरलेय मी.
हिच्या लग्नात माझा थोरला पाच वर्षांचा होता.
त्यानं पडदा माझ्याकडे वळवला,
लाल अक्षरं दाखवली.
वाईट नव्हता तो. पाण्याची बाटलीही पुढं केली.
मागून काकू ओरडल्या, तिचं केस तरी बघ रे!
केसांसाठी रकाना नव्हता.

तू नाही तर मी पण नाही, सुगंधा अडून बसली.
तिला मी तशीच ढकलली,
अगदी त्या दिवशी ढकलली होती तशी,
तिसरीच्या वर्गात.
खिडकीतून दिसत होतं:
भिंतीवर शरीराच्या अवयवांचा तक्ता,
खाली इवल्या बाकावर ती, गुडघे हनुवटीला लागलेले,
तोंड तक्त्याकडे फिरवलेलं.
सुईला ती लहानपणापासून अशीच.
नर्सबाईंनी काहीतरी विचारलं,
तिनं खिडकीकडे बोट केलं.
काय विचारलं होतं, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

अर्धा तास तिला आत बसवलं.
मी अठराव्या गोलात माझ्या चपला घातल्या
आणि तिथंच उभी राहिले.
का, ते माहीत नाही. ऊन चढलं होतं.
रांग माझ्या बाजूनं वळसा घालून पुढं जात होती.
एक मेपासून सगळ्यांना देणार म्हणतात,
पोरगा जेवायला निघताना म्हणाला.
साठा आला तर.

रात्री तिला ताप भरला.
दंड धरून कण्हत होती.
मिठाच्या पाण्याच्या घड्या बदलत बसले,
पेज केली, तिनं दोन घोट घेतले.
दोनच्या सुमाराला माझा डोळा लागला असेल.
अक्का, म्हणाली,
अक्का, पाणी.
उठले.